पालथं पुस्तक

बायाक्का मगदूमनं जन्मात तीनच गोष्टी पसंत केल्या: दुसऱ्यांच्या सुना, बाजारातल्या म्हशी आणि बारक्या पोरांची चित्रांची पुस्तकं. तिन्हीला तिची रीत एकच. तोंडाकडं बघायचंच नाही. तोंड सगळ्यांचंच चार घटका बरं असतं. मागं वळतंय का, तेवढं बघायचं.

पोहे देऊन आत जाणारी पोरगी उंबऱ्यावर थबकून मागं बघते, म्हाताऱ्याच्या तांब्यात पाणी आहे का नाही, ती सून घरात टिकणार. बाजारच्या गर्दीत, दलालानं शेपूट पिरगाळली तरी जी म्हैस रेडकासाठी मान मागं फिरवते, ती दूध चोरणार नाही. आणि अडीच-तीन वर्षांचं पोर पान उलटून पुढं जातं, आणि मग कुणी न सांगता परत मागच्या पानावर येतं, ते पुस्तक खरं. बाकी सगळी रद्दी.

निपाणीपासून सहा मैलांवरच्या त्या गावात बायाक्काचा शब्द म्हणजे खुंटा होता. त्याला काहीही बांधावं, सुटत नसे. नवरा अप्पासाहेब गेल्याला वीस वर्षं झाली, पण भावकीत कुणाची सोयरीक निघाली की पहिला निरोप अजून तिलाच यायचा. ती जायची, चहा प्यायची नाही, बघायची आणि उठताना म्हणायची, "बरं हाय." नाहीतर नुसती उठायची. न बोलता उठली की मुलीच्या बापानं काय ते समजून घ्यायचं.

पुस्तकांचं खूळ आणलं ते ब्राह्मीनं. ब्राह्मी धाकट्या लेकाची, कुमारची मुलगी. आई रूपाली नोकरीला, म्हणून सहा वर्षांची होईपर्यंत पोरगी आज्जीच्या पदराला लटकूनच वाढली. मग बेळगावला गेली. आता टिळकवाडीत राहते, बालवाडीत शिकवते. चार वर्षांमागं सुट्टीला आली ती पिशवीभर नवीकोरी चित्रांची पुस्तकं घेऊन. दुपारी सोप्यात घोंगडं अंथरून तिनं ती पसरली. अंगणवाडी सुटलेली गल्लीतली पोरं त्यांवर माशांसारखी बसली. बायाक्का भिंतीला टेकून तूर निवडत होती. तासाभरानं तिनं दोन पुस्तकं उचलून ब्राह्मीच्या मांडीवर टाकली, आणि उरलेली पाच घोंगड्यावर पालथी घातली.

"ही दोन ठेव. ही पाच बापाच्या गाडीत घालून परत ने."

"आज्जी, तू वाचलंस तरी का काही?"

"जेवान कसं झालंय ते जेवणाऱ्याला इचारावं गं. मी काय आचारी हाय?"

वाचायचा प्रश्नच नव्हता. बायाक्काचं शिक्षण दोन यत्ता, त्याही कन्नड शाळेतल्या. मराठी अक्षरं तिला तारेला उलटी लटकलेली वटवाघळं वाटायची. घरात बोलणं मराठी, देवळात मराठी, भांडण मराठी, आणि शाळा जवळ होती ती कन्नड. त्या दोन यत्तांचं पुढं कुणालाच काही पडलं नाही, तिलाही नाही.

ब्राह्मीनं मात्र आज्जीची रीत लिहून घेतली. मग दर शनिवारी फोनवर एक यादी जाऊ लागली. नाव ठेवलं 'बायाक्काची पसंती'. नवं आलेलं पुस्तक, ते धरून बसलेल्या बायाक्काचा फोटो, आणि तिचं एक वाक्य. मुंगीच्या पुस्तकाला ती म्हणाली, "आमच्या गल्लीतली रक्षा तीनदा मागं गेली, मुंगी बिळात पोचली का बघाय. घ्या." दात घासायला सांगणाऱ्या चष्मेवाल्या सशाला म्हणाली, "हे पुस्तक न्हाय, मास्तर हाय," आणि त्याला पालथं घातलं. बर्फातल्या अस्वलाचं एक आलं. "आमच्या पोरास्नी बर्फ म्हंजे जत्रंतला गोळा. पर अस्वलीण पिल्लाला कुशीत घिऊन झोपलीया ते पान शेजारच्या अमृतनं चाटलं. घ्या."

आधी ओळखीच्या चाळीस आया होत्या. मग निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, कोल्हापूर, पुणं. शेवटी ब्राह्मीलाही मोजता येईनात. नापसंत पुस्तकाचं नाव यादीत यायचं नाही, ती बायाक्काची अट. "कुणाच्या पोरीला नापसंत केलं तर गावात दवंडी पिटतो व्हय आपण?" पण 'बायाक्कानं पालथं घातलं' हे त्या बायकांच्या तोंडात बसलं. भाजी फसली, नवरा चुकला, की एकमेकींना लिहायच्या: पालथं घाल.

बायाक्का हे ऐकून वरनं नाक मुरडायची. आतनं मात्र उसाच्या पेरासारखी फुगायची. सुना बघायला आता कोण बोलावत होतं? पोरं-पोरी आपापली फोनवर जमवत होती. म्हशीही लोक आता कागद बघून घेत होते. तिचा शब्द उभा होता तो या पुस्तकांवर.

मार्गशीर्षात ब्राह्मी आली ती सात पुस्तकं घेऊन. कुमारही आला होता, सोप्यात खुर्ची टाकून फोन बघत बसला होता. थोरली सून राजश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी ब्राह्मी पुस्तकं पसरून आत जायची, दही-भाकरी खायची. त्या दिवशी मात्र घोंगड्याच्या कडेलाच बसली, गुडघे पोटाशी धरून.

सहा पुस्तकं पोरांनी हातोहात उचलली. सातवं निळ्या पुठ्ठ्याचं. आत एक म्हातारी होती. नाकात नथ, केस कापसासारखे, गाल दोन लाडवांसारखे. उंबऱ्यावर बसलेली. पहिल्या पानावर हसत होती, दुसऱ्यावर हसत होती, पुढं तिच्या लुगड्याच्या घड्यांतनं चिमण्या, ढग आणि चांदण्या निघत होत्या, तरी ती हसतच होती. रक्षानं ते उघडलं, शेवटापर्यंत नेलं, ठेवलं. अमृतनं दोन पानं बघितली आणि त्यावर मुंगीचं पुस्तक ठेवून मुंगीच बघत बसला. बायाक्कानं ते मुद्दाम दुसऱ्या दिवशीही मांडलं. तिच्या रीतीत दोन दिवसांची मुदत असायची. कुणी शिवलं नाही.

"ही म्हातारी कुठली गं?" बायाक्कानं पुस्तक लांब धरून विचारलं.

"का?" ब्राह्मी म्हणाली.

"हिच्या टाचास्नी एक भेग न्हाय. हातात काम न्हाय. कुणाला शिवी न्हाय, कुणाला धपाटा न्हाय. नुसती दात काढून बसलीया. कॅलेंडरावरची म्हातारी हाय ही. असल्या म्हातारीकडं पोरगं कशाला मागं वळून येईल? तिला काय इचारायचंच न्हाय त्याला."

कुमारनं फोनमधनं मान वर केली आणि परत खाली घातली. राजश्रीनं तोंडाला पदर लावला.

"मैत्रिणीचं आहे माझ्या," ब्राह्मी म्हणाली. आवाज घोगरा होता. थंडीचा असेल, बायाक्काला वाटलं.

"तिला सांग, रागावू नगं म्हणावं. हात चांगला हाय. पर म्हातारी बगून काढ म्हणावं, आठवून न्हवं."

आणि तिनं ते पालथं घातलं. पुस्तकाची पाठ तेव्हा कोरी होती, नुसती निळी.

फाल्गुनात एका दुपारी अंगणवाडीची मालुबाई पदर सावरत आली. हातात पुस्तक होतं.

"आक्का, मिठाई काढा आधी! तुमचा फोटू छापून आलाय. बेंगळूरच्या कुठल्या संस्थेनं आमच्या अंगणवाडीला पेटी पाठवलीया. कन्नडातली हायत सगळी. मी उघडती तर काय, आमच्या आक्का!"

निळा पुठ्ठा. कापसाचे केस, लाडवांचे गाल. बायाक्कानं पुस्तक उलटं केलं. पाठीवर ती स्वतः होती, हात वर केलेली, तोंड उघडं, पुढचा पडका दात दिसतोय. हा फोटो तिला ठाऊक होता. मुंगीच्या पुस्तकाच्या दिवशीचा. रक्षा तिसऱ्यांदा मागं गेली तेव्हा तिनं हात वर करून म्हटलं होतं, "घ्या!" तो हात मुंगीसाठी वर गेला होता. तो इथं कसा आला?

"खाली काय लिव्हलंय?"

"बायाक्का मेच्चिद पुस्तक," मालुबाईनं वाचलं. "बायाक्काला आवडल्यालं पुस्तक."

"मला?"

"मग काय मला?"

बायाक्का उठली. आत जाऊन चष्मा घेऊन आली आणि पुस्तक परत सुलटं केलं. पुठ्ठ्यावर वर मोठी अक्षरं, खाली लहान दोन शब्द. मराठी असती तर तिनं डोळे फिरवले असते. पण ही अक्षरं लटकलेली नव्हती. ही गोल होती, चकलीसारखी, त्या दोन यत्तांतल्या पाटीवरची. मास्तर पाटीवर काढून द्यायचे आणि ती बोटानं गिरवायची, बोट पांढरं होईतोवर. मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला तिला घरी बसवलं. अक्षरं तेवढी राहिली, पडक्या घरातल्या खुंट्यांसारखी. त्यांवर कुणी काही टांगलं नाही इतकंच.

तिनं खालच्या शब्दावर बोट ठेवलं. शेवटचा शब्द आधी लागला, कारण तो रेशन कार्डावर, मतदानाच्या चिठ्ठीवर जन्मभर बघितलेला.

म. ग. दू. म.

"तुमचंच आडनाव की," मालुबाई कौतुकानं म्हणाली. "आक्का, तुमास्नी वाचाय येतंय?"

बायाक्कानं बोट मागं नेलं. आधीचा शब्द अवघड होता. अक्षराच्या पोटाखाली अक्षर लोंबत होतं, आणि असली जोडाक्षरं शिकवायच्या आधीच तिची शाळा सुटली होती. ब दिसला. पोटाखालचं काय ते कळेना. मग ह, त्याच्याही पोटाखाली काहीतरी, वर वेलांटी. ब... ह... ब... हि...

मालुबाईनं सांगायला तोंड उघडलं. बायाक्कानं हातानं तिला गप्प केलं. हे तिला स्वतःलाच काढायचं होतं. काढलं, आणि बोट तिथंच राहिलं.

ते नाव तिनंच ठेवलं होतं. बारशाच्या दिवशी सगळे काहीबाही नवी नावं सुचवत होते, तेव्हा तिनं दटावून सांगितलं होतं: आपल्या पहिल्या तीर्थंकरांनी, आदिनाथ भगवंतांनी, आपल्या लेकीला मांडीवर बसवून लिपी शिकवली, तिचं नाव ब्राह्मी; आमच्या घरात बाईला अक्षर आलं न्हाय, हिला येऊ दे.

आलं होतं की अक्षर. चांगलंच आलं होतं.

मालुबाई गेल्यावर तिनं राजश्रीला हाक मारली. राजश्री पीठमाखल्या हातानं आली, पुस्तक बघितलं आणि दारातच थांबली.

"तुला ठावं हुतं?"

"आत्ती, ते..."

"व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मार्गशीर्षात ह्यो पुठ्ठा माझ्या हातात हुता, तवा बी तिचं नाव हुतं वर?"

राजश्रीनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "हुतं. मराठीत. मोठं. तुमच्या हातातच तर हुतं, आत्ती."

"कुमारला?"

"सगळ्यांस्नी ठावं हुतं. ब्राह्मी म्हणाली, आज्जीला सांगू नगासा, मग खरं मत कळंल. आमाला वाटलं, गंमत हाय."

बायाक्का हसली. ते हसू बघून राजश्री दोन पावलं मागं सरली. म्हणजे नाव डोळ्यांपुढं धरून, सगळ्या घरानं गप्प बसून, तिला बोलू दिलं होतं. आंधळ्याच्या ताटात दगड वाढून तो चावतोय का ते बघत बसावं तसं. आणि ती बापडी टाचांच्या भेगांवर बोलत बसली होती!

आणि मत खरं निघाल्यावर ते ठेवलं कुठं त्यांनी? पाठीवर उलटं करून छापलं.

रविवारी टिळकवाडीत त्या आयांचा मेळा होता, पहिल्यांदाच सगळ्या समोरासमोर. कुमार गाडी घेऊन न्यायला येणार होता. बायाक्कानं वाट बघितली नाही. घोंगडं वळकटी करून काखेत मारलं, पिशवीत पुस्तक टाकलं, सकाळच्या लाल बशीत बसली, बायकांच्या फुकट तिकिटासाठी कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं आणि बेळगाव येईतोवर खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारणीनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिला कळलं की या म्हातारीला आज बोलायचं नाही.

ब्राह्मीनं दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर नवी साडी होती.

"आज्जी! अगं, पप्पा निघाले असते आत्ता..."

बायाक्कानं पिशवीतनं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "वाच. पुठ्ठ्यावरचं खालचं वाच."

ब्राह्मीनं बघितलं. कन्नड आवृत्ती आज्जीच्या गावापर्यंत जाईल हे तिच्या ध्यानात नव्हतं. गेली तरी आज्जी ती वाचेल हे तर नव्हतंच नव्हतं. तिच्या तोंडाचा रंग उतरला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. दोन यत्ता शिकल्याल्या हायत माझ्या. तुमी समदी ते इसरलासा. म्या बी इसरलो हुतो."

स्वयंपाकघरात रूपालीनं नळ बंद केला.

"आज्जी, बस तरी."

"ती म्हातारी मी हाय व्हय?"

"तूच."

"मग मी मला वळखलं कसं न्हाय?"

ब्राह्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुला गोड काढलं. जे जे बोचेल ते सगळं काढून टाकलं."

"काढून टाकलंस, मग ऱ्हायलं काय गं?"

"चार वर्षं करत होते मी ते पुस्तक. लिहिलं मी, चित्रं मी. छापायच्या आधीची नमुन्याची प्रत तुला दाखवली, ती तू पालथी घातलीस. प्रकाशकांनी एवढंच विचारलं, बायाक्काचा शब्द मिळालाय का? माझ्या तोंडातनं हो गेलं."

"तोंडातनं गेलं ते छापखान्यापातूर गेलं? वाटंत कुठं मागं वळून बगितलं न्हाईस?"

ब्राह्मीनं डोळे पुसले. तिलाही आज्जीचीच जीभ होती. ती आता सुटली. "आणि तुला आधी सांगितलं असतं की हे माझं आहे, तर तू काय केलं असतंस? पसंत केलं असतंस. खरं सांग. मग तीही पसंती खोटीच झाली असती ना?"

बायाक्कानं काखेतली वळकटी खाली ठेवली. असा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर तिला ठावं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "केलं असतं. हात वर करून चार माणसांत सांगितलं असतं, आणि ते पाप माझ्या डोसक्यावर घेतलं असतं. माझा शब्द मी तुझ्यापायी मोडला असता गं. पर मोडणार मी हुतो. तू न्हेलास आणि मोडून आणलास. ते बी माझ्या डोळ्यांम्होरं नाव धरून, म्हातारीला दिसत न्हाय म्हणून."

"आज्जी, माफ कर. मी आज तिथं सांगते सगळ्यांना. मीच सांगते."

"बगू," बायाक्का म्हणाली.

हॉल छोटा, पंखे मोठे. साठ-सत्तर बायका, मांडीवर, कडेवर, पायांत पोरं. बायाक्का आत आली तशा बायका उठून उभ्या राहिल्या. एकजण वाकून पाया पडली, तिच्यामागं रांगच लागली. कुणी पिरनवाडीची, कुणी थेट कोल्हापूरहून आलेली. "आज्जी, तुमच्या शब्दावर आमच्या घरात पुस्तकं येतात." बायाक्का प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत होती आणि प्रत्येक वेळी तो हात तिला जड होत होता.

तिनं आपलं घोंगडं मधोमध अंथरलं. ब्राह्मीनं त्यावर नवी पुस्तकं मांडली, त्यांत निळंही. माईक हातात घेतला. स्वागत केलं. रीत समजावून सांगितली. बायाक्का तिच्याकडं बघत होती. आता सांगेल. हे झालं की सांगेल.

पुढच्या ओळीतली एक हसऱ्या तोंडाची बाई, मांडीवर पोरगी घेऊन, म्हणाली, "आज्जी, ते निळं पुस्तक तुमचं सगळ्यांत आवडतं, व्हय? पाठीवर तुमचा फोटो आहे म्हणून विचारते. नातीचं आहे ना!"

सगळ्या हसल्या, मायेनं. म्हणजे इथंही सगळ्यांना ठावं होतं. नाव पुठ्ठ्यावर होतं, आणि या सगळ्या वाचणाऱ्या होत्या.

बायाक्कानं ब्राह्मीकडं बघितलं. ब्राह्मीच्या हातात माईक होता. तिचे ओठ हलले, आणि थांबले.

तेव्हा बायाक्का पुढं वाकली. तोंडानं बोलायची गरजच नव्हती. तिची रीत या बायकांना पाठ होती. तिनं निळं पुस्तक उचललं आणि सगळ्यांच्या समोर, हळूच, पालथं घातलं.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग टाळ्या.

तिला कळेना. तिनं खाली बघितलं. घोंगड्यावर ती स्वतः होती, हात वर करून, पडका दात दाखवत, 'घ्या' म्हणत. पाठ आता कोरी नव्हती. पालथं घातलं तरी पसंत, सुलटं ठेवलं तरी नात. बायका फोन काढून फोटो घेत होत्या. कुणीतरी म्हणालं, "आज्जी लई चेष्टेखोर हायत!"

जन्मभराची तिची रीत त्यांनी तिच्याच तोंडानं झाकली होती.

तिनं शेवटचं एकदा ब्राह्मीकडं बघितलं. आता तरी वळ, तिला म्हणायचं होतं. एक पान मागं ये. ब्राह्मीनं आज्जीच्या डोळ्याला डोळा दिला आणि माईक तोंडाशी नेला.

"आता पुढचं पुस्तक," ती म्हणाली.

बायाक्का उठली. गुडघे वाजले. तिनं ब्राह्मीच्या हातातनं माईक घेतला. त्या पोरीनं तो लगेच दिला आणि डोळे मिटले, थप्पड यायच्या आधी मिटतात तसे. शब्द बायाक्काच्या जिभेच्या टोकाशी होता. पण त्या मिटल्या डोळ्यांकडं बघून तिला सहा वर्षांची वेणी दिसली, आणि तिनं तो शब्द गिळला. तेवढी एकच गोष्ट तिनं त्या दिवशी नातीला दिली.

"बायांनो," ती म्हणाली, "आजपासनं बायाक्काची पसंती बंद. कशापायी ते इचारू नगासा. माझ्याजवळ मोठी इद्या नव्हती. पोरगं पान मागं फिरवतंय का, तेवढं बगत हुतो. ते आता तुमीच बगा. आपलं पोर, आपलं पुस्तक, आपलं डोळं. पाठीवर कुणाचा फोटू हाय ते बगून काय घेऊ नगासा. माझा असला तरी."

"म्हणजे शनिवारी यादी नाही?" मागनं कुणीतरी विचारलं.

"न्हाय."

कुमार भिंतीकडनं धावत आला. "आई, हे काय?"

"तुला ठावं हुतं न्हवं रं? मग मला कशाला इचारतोस?"

तिनं घोंगड्यावरची पोरं एकेक करून उचलून आयांच्या मांडीवर दिली. घोंगडं ओढलं, पुस्तकं फरशीवर घसरली, निळंही. वळकटी काखेत मारून ती दाराकडं निघाली. मागं "आज्जी" अशी हाक आली, एकदा, मग परत. बायाक्का मागं वळली नाही. वळणाऱ्यांची पारख करण्यात तिचा जन्म गेला होता, आज तिनं आपली मान ताठ धरली आणि ती किती दुखते ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडी सुटली. रक्षा नेहमीसारखी सोप्यात आली, घोंगड्यावर बसली आणि हात पुढं केला. बायाक्कानं कोनाड्यातनं मुंगीचं जुनं पुस्तक काढून दिलं. त्याचे कोपरे कुरतडलेले होते. रक्षा तिसऱ्या पानापर्यंत गेली, थांबली, आणि परत पहिल्यावर आली.

आत फोन वाजला. राजश्री तो हातात धरून दारात आली.

"आत्ती, ब्राह्मी हाय. सकाळधरनं पाचव्यांदा. काय सांगू?"

बायाक्काची नजर पोरीच्या बोटावर होती. मुंगी अजून बिळात पोचायची होती.

"काय सांगू नगंस," ती म्हणाली. "पालथा ठेव त्यो."